फॅनी बुलक वर्कमन : दोन चाकांवरून हिमशिखरांकडे

आमच्या नागपूरला चढ म्हणावा तो सेमिनरी हिल्सचा. एरवी धंतोली, सीताबर्डी, महाल, इतवारी अशी कुठेही सायकल हाणली तरी पायांना फारशी तक्रार करावी लागत नाही. पण सेमिनरी हिल्सचा चढ लागला की भलेभले सायकलवीर मुकाट्याने खाली उतरतात आणि हँडल धरून चालू लागतात. डबल सीट असेल, तर मागच्याने आधी उडी मारायची हा अलिखित नियमच आहे. त्यात उन्हाळ्याचे दिवस असले आणि वाटेत पंक्चर झाले, तर त्या दिवशी कॉलेजला दांडी मारायला दुसरे कारण शोधावे लागत नाही.

याच दोन चाकांच्या साध्या वाहनावर बसून एका बाईने गेल्याच्या आधीच्या शतकात स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि इटली पाहिली, स्पेन पालथा घातला, अ‍ॅटलास पर्वत ओलांडून सहाराची कड गाठली आणि पुढे भारताच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत मजल मारली. तिचे नाव फॅनी बुलक वर्कमन. गिर्यारोहणाच्या इतिहासात हे नाव आदराने घेतले जाते. पण त्या आदराला एक किंतुही चिकटलेला आहे. या लेखात दोन्हींचा विचार करावयाचा आहे.

फॅनीचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर या गावी झाला. आपल्या पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. म्हणजे दोघी एकाच पिढीच्या. पण दोघींच्या वाट्याला आलेले बालपण किती निराळे! रमाबाई आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेच्या वाटा तुडवीत, उपासमार सोशीत वाढल्या. फॅनी वाढली ती श्रीमंतीत. तिचे वडील अलेक्झांडर बुलक हे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते, तर आईच्या वडिलांनी बंदुकीच्या दारूच्या धंद्यात अमाप पैसा मिळविला होता. फॅनीचे शिक्षण न्यूयॉर्कच्या एका शाळेत आणि मग पॅरिस व ड्रेस्डेन येथे झाले. फ्रेंच आणि जर्मन तिला उत्तम येऊ लागल्या. त्या काळच्या श्रीमंत घरांत एवढे शिक्षण मुलीला चांगले स्थळ मिळावे म्हणून देत असत. स्थळ मिळालेही. १८८२ साली डॉ. विल्यम हंटर वर्कमन यांच्याशी तिचा विवाह झाला. विल्यम तिच्याहून बारा वर्षांनी मोठे होते.

इथपर्यंतची कथा कोणत्याही सुखवस्तू घरातील मुलीची वाटेल. पण विल्यमना डोंगर चढण्याची आवड होती आणि ती त्यांनी बायकोपासून लपवून ठेवली नाही. न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्स या पर्वतराजीत ते तिला घेऊन जाऊ लागले. युरोपात त्या वेळी गिर्यारोहण हा पुरुषांच्या क्लबांचा विषय होता. अमेरिकेतील काही मंडळांत मात्र स्त्रियांना प्रवेश होता. फॅनीच्या पायांना चढाची गोडी लागली ती येथे. १८८४ मध्ये त्यांना रेचेल ही मुलगी झाली. पुढे विल्यम यांनी प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीचा व्यवसाय सोडला आणि १८८९ मध्ये हे कुटुंब जर्मनीत ड्रेस्डेनला येऊन राहिले. दोन्हीकडून आलेली वडिलार्जित संपत्ती होतीच. पोटाची चिंता नव्हती. त्याच वर्षी सिगफ्रीड हा मुलगा झाला.

तो काळ सायकलीच्या भरभराटीचा होता. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे एवढेसे, अशी जुनी सायकल मागे पडली होती. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्ले याने दोन्ही चाके सारखी असलेली, साखळीने मागचे चाक फिरविणारी सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. आज आपण जी सायकल वापरतो तिचा साचा तेव्हाच ठरून गेला. उंच सायकलीवर झगा घालून बसणे स्त्रीला जवळजवळ अशक्य होते. नव्या सायकलीने ही अडचण दूर केली. साहजिकच समाजातील शहाण्यांना काळजी वाटू लागली. सायकल चालविल्याने स्त्रीची प्रकृती ढासळते, एवढेच काय पण चेहरा कायमचा विद्रूप होतो, असे काही डॉक्टर गंभीरपणे सांगत. फॅनीचा नवरा स्वतः डॉक्टर होता. त्याने असले काही सांगितले नाही. तो स्वतःची सायकल घेऊन तिच्याबरोबर निघाला.

या सुमारास त्यांनी स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि इटलीत सायकलीने भ्रमंती केली. सायकल ठेवून आल्प्सची शिखरेही चढली. माँ ब्लां, युंगफ्राऊ आणि मॅटरहॉर्न ही शिखरे चढणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत फॅनीची गणना होते. हे सारे ती लांब झग्यातच करीत होती. वर्षे जातील तशी झग्याची कड घोट्याच्या थोडी वर सरकली, एवढीच काय ती सवलत तिने स्वतःला दिली.

१८९३ मध्ये छोटा सिगफ्रीड इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाने दगावला. वय अवघे चार वर्षांचे. फॅनीच्या आयुष्याचा हा मोठा वळणबिंदू. यानंतर तिने घर असे केलेच नाही. रेचेल दायांच्या हाती आणि पुढे इंग्लंडमधील शाळेत वाढली. आईवडील मात्र दूरदूरच्या वाटांवर. पुत्रशोक विसरण्यासाठी ती निघाली, की त्या शोकाने तिला घराच्या बंधनातून मोकळे केले, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये. मुलीला मागे ठेवून हिंडणारी आई म्हणून तिला बोल लावणारे पुष्कळ होते आणि आजही निघतील. मात्र तेच बोल रेचेलच्या वडिलांना कोणी लावल्याचे दिसत नाही. वर्षे नि वर्षे घराबाहेर राहिलेल्या पुरुष प्रवाशांच्या चरित्रांत मुलांचा उल्लेख एका ओळीत आटोपतो आणि आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

अल्जीरिया ही त्यांची पहिली मोठी सायकलयात्रा. अ‍ॅटलास पर्वताच्या चढणी पार करून ते सहाराच्या कडेपर्यंत गेले. या प्रवासाचे पुस्तक १८९५ मध्ये निघाले. त्याच वर्षी त्यांनी स्पेनचा दौरा केला. सुमारे २,८०० मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटर अंतर त्यांनी सायकलीवर तोडले. दिवसाची सरासरी ४५ मैल. एखाद्या दिवशी ८० मैलांपर्यंतही मजल जाई. नागपूरहून वर्धा सायकलीने गाठणाऱ्याला या आकड्यांचे मोल कळेल. रस्ते डांबरी नव्हते. खडी, धूळ आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या यांतून वाट काढायची. फ्री-व्हील अजून सर्रास झाले नव्हते. तेव्हाच्या बहुतेक सायकलींचे पायडल उतारावरही चाकाबरोबर फिरतच राहत, म्हणून उतार हा विसावा नसून दुसरी परीक्षाच असे. वाटेत अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यांसाठी फॅनी जवळ चाबूक बाळगीत असे. स्पेनवरील पुस्तक १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस ही जोडी आपल्या देशाकडे वळली. फॅनीचे वय ३८, विल्यम यांचे ५०. पुढील सुमारे अडीच वर्षे भारत, लंका, ब्रह्मदेश, जावा या भागांत त्यांचा संचार चालू होता आणि सायकलीवर कापलेले अंतर सुमारे १४,००० मैल, म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर भरले. सायकलीवर सामान बेताचेच: चहा, साखर, बिस्किटे, चीज, डब्यातील मांस, पिण्याचे पाणी, एकेक उशी, एकेक घोंगडी, लिहिण्याचे साहित्य, औषधांची पेटी आणि पंक्चर काढण्याची हत्यारे. ही शेवटची वस्तू चैनीची नव्हती. एका दिवसात चाळीस पंक्चर काढण्याची पाळीही त्यांच्यावर आली. रात्री मुक्काम मिळेल तेथे. कधी डासांच्या, कधी उंदरांच्या सोबतीने.

या प्रवासासाठी दोघांनी तयारी केली होती ती पुस्तकांची. रामायण, महाभारत आणि जातककथा त्यांनी वाचल्या होत्या. हे साहित्य ज्या भूमीत जन्मले ती पाहण्याची त्यांना ओढ होती. देवळे, लेणी, शिल्पे यांची त्यांनी अपार मेहनतीने पाहणी केली, छायाचित्रे घेतली आणि १९०४ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. पण या पुस्तकाचा सारा भर प्राचीन भारतावर आहे. समोर जो भारत जगत होता त्यात त्यांना तेवढा रस वाटला नाही. तो काळ कोणता होता हे आठवून पाहावे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये तो पुण्यात पोचला. १८९६-९७ च्या दुष्काळाने आपला मध्यप्रांत होरपळून निघाला होता आणि १८९९-१९०० मध्ये त्याहून भीषण दुष्काळ येऊन ठेपला. या दोन दुष्काळांच्या मधल्या अवधीत वर्कमन दांपत्याची सायकल या देशाच्या रस्त्यांवरून धावत होती. दगडातल्या अप्सरांकडे त्यांचे लक्ष गेले तेवढे हाडामांसाच्या माणसांकडे गेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

१८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातील उकाडा असह्य झाला म्हणून दोघे सायकली ठेवून काश्मीरकडच्या पर्वतांत गेले. हिमालयाचे ते पहिले दर्शन फॅनीच्या उरलेल्या आयुष्याची दिशा ठरवून गेले. आणि नेमका येथेच तिच्या चरित्रातला दुसरा पेच सुरू होतो. सायकल अशी वस्तू आहे, की ती चालविणाराच तिचे इंजिन असतो. जेवढे पाय मारावे तेवढेच पुढे जावे. दुसऱ्याच्या घामावर ती चालत नाही. हिमालयाचे तसे नाही. तेथे महिनोन्‌महिने राहायचे म्हणजे तंबू, धान्य, सरपण, उपकरणे हे सारे कोणाच्या तरी पाठीवरून गेले पाहिजे. १८९८ च्या ऑक्टोबरात कांचनगंगेच्या बाजूला जाण्याचा त्यांनी बेत केला. पण थंडी तोंडावर आलेली, हमाल पुढे जाईनात. काही दिवसांतच सारे दार्जिलिंगला परत आले. या अपयशाचे खापर दांपत्याने प्रामुख्याने हमालांवर फोडले.

पुढे १८९९ पासून १९१२ पर्यंत काराकोरम आणि पश्चिम हिमालयात त्यांच्या मोहिमांवर मोहिमा झाल्या. बियाफो हिमनदी, चोगो लुंग्मा, हिस्पार या हिमनद्यांचा त्यांनी शोध घेतला. १८९९ मध्ये चढलेल्या एका शिखराला फॅनीने सिगफ्रीडहॉर्न असे नाव दिले. चार वर्षांच्या त्या मुलाला ती विसरली नव्हती एवढे यावरून समजते. १९०६ मध्ये नुन-कुन समूहातील पिनॅकल पीक हे सुमारे २२,७०० फुटांचे शिखर तिने ४७ व्या वर्षी सर केले. स्त्रियांच्या उंचीच्या विक्रमात हे स्थान १९३४ पर्यंत तिच्याकडेच राहिले. कृत्रिम प्राणवायू नाही, नायलॉनचे दोर नाहीत, अंगावर लोकरी झगा. अशा स्थितीतला हा पराक्रम आहे.

नवराबायकोतील कामाची वाटणीही लक्षात घेण्याजोगी आहे. एका मोहिमेत सारी व्यवस्था एकाने पाहायची आणि शास्त्रीय निरीक्षणे व छायाचित्रे दुसऱ्याने; पुढल्या वेळी अदलाबदल. पुस्तके दोघांच्या नावावर निघत. समान अधिकारावर व्याख्याने देणारे पुष्कळ असतात. तो रोजच्या कामात पाळणारे थोडे. विल्यम वर्कमन हे त्या थोड्यांपैकी एक होते.

१९०५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे फॅनीचे व्याख्यान झाले. इझाबेला बर्ड हिच्यानंतर हा मान मिळालेली ती दुसरी स्त्री. त्या संस्थेने १८९२-९३ मध्ये काही स्त्रियांना सभासद करून घेऊन पुन्हा दार बंद केले होते; ते कायमचे उघडले १९१३ मध्ये. पॅरिसच्या सॉर्बाँ विद्यापीठात व्याख्यान देणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली. युरोपातील अनेक भूगोल संस्थांनी तिला पदके दिली.

मान मिळाला, तरी आपले स्थान कोणी हिरावून घेईल ही धास्ती तिला कायम असे. १९०८ मध्ये अ‍ॅनी पेक या अमेरिकन बाईने पेरू देशातील हुआस्करान शिखर चढून ते सुमारे २४,००० फूट असावे असा अंदाज सांगितला. तसे असते तर फॅनीचा विक्रम मोडला असता. फॅनीने स्वतःच्या खर्चाने फ्रान्सहून मोजणीदार पेरूला पाठविले. त्यावर सुमारे १३,००० डॉलर खर्च केले. मोजणीत ते शिखर २२,००० फुटांच्या आत निघाले आणि विक्रम फॅनीकडेच राहिला. शास्त्राच्या दृष्टीने तिचे म्हणणे खरे ठरले. परंतु अ‍ॅनी पेक ही वर्गण्या गोळा करून मोहिमा काढणारी, साधनहीन बाई होती. तिच्या मोहिमेला आला त्याहून किती तरी अधिक खर्च ती खोटी ठरविण्यासाठी झाला. गंमत अशी, की दोघीही स्त्रियांच्या मताधिकाराच्या कडव्या पुरस्कर्त्या. १९११ मध्ये पेकबाईंनी कोरोपुना शिखरावर त्या मागणीचा फलक रोवला. पुढच्याच वर्षी फॅनीने काराकोरममध्ये तसाच मजकूर हाती धरून छायाचित्र काढून घेतले.

ते छायाचित्र १९१२ च्या सियाचेन मोहिमेचे. सुमारे ४५ मैल लांबीच्या या हिमनदीची दोघांनी दोन उन्हाळे पाहणी केली आणि तज्ज्ञांकडून तिचा नकाशा करविला. सुमारे २१,००० फुटांवर, बर्फाच्या अफाट पठारावर, डोक्यावर टोपी आणि हाती मताधिकाराची मागणी छापलेले वर्तमानपत्र घेऊन त्रेपन्न वर्षांची फॅनी उभी आहे. १९८४ पासून सियाचेन हे नाव आपण ऐकतो ते आपल्या जवानांच्या संदर्भात. त्याच बर्फावर सत्तराहून अधिक वर्षे आधी ही बाई उभी राहिली होती. या मोहिमेला एका मृत्यूचे गालबोट आहे. चेनोझ नावाचा इटालियन साथीदार बर्फाखाली दडलेल्या भेगेत कोसळून मरण पावला. फॅनी जवळच होती. ती थोडक्यात बचावली. तरीही तिने काम सोडले नाही.

आता त्या छायाचित्रात जे दिसत नाहीत त्यांच्याकडे वळू. फॅनीला एवढ्या उंचीवर पोचविण्यासाठी बाल्टिस्तानातील गावकऱ्यांनी ओझी वाहिली होती. वर्कमन दांपत्याच्या पुस्तकांत हे लोक वारंवार येतात ते आळशी, कामचुकार, पळपुटे म्हणून. बर्फावर चढण्याची हौस त्या गावकऱ्यांची नव्हती. पायांत धड जोडे नाहीत, घरी शेत वाट पाहते आहे आणि वेठबिगारीच्या आठवणी ताज्या आहेत, असा माणूस विक्रमासाठी जीव धोक्यात का घालील? हा प्रश्न फॅनीला सुचला नाही. स्त्रीला कमी लेखणाऱ्या पुरुषांशी ती आयुष्यभर झगडली. पण गोऱ्या कातडीची म्हणून जो मोठेपणा तिला आयता मिळाला होता त्याच्याशी झगडावे असे तिला वाटले नाही. हाच तो किंतु.

पहिल्या महायुद्धाने मोहिमा थांबल्या. दीर्घ आजारानंतर २२ जानेवारी १९२५ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये कान या गावी फॅनीचे निधन झाले. त्यापूर्वी १९२० मध्ये अमेरिकन स्त्रियांना देशभर मताधिकार मिळालेला तिने पाहिला होता. मृत्युपत्राने तिने रॅडक्लिफ, वेलस्ली, स्मिथ आणि ब्रिन मॉर या स्त्रियांच्या चार महाविद्यालयांना मिळून सव्वा लाख डॉलर ठेवले. स्वतः ती कोणत्याही महाविद्यालयात शिकली नव्हती. मुलगी रेचेल मात्र भूगर्भशास्त्र शिकली आणि १९१९ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने निवडलेल्या पहिल्या स्त्री-सदस्यांत तिचे नाव होते. तिचा विवाह कानपूरच्या लोकर गिरणीचे अलेक्झांडर मॅकरॉबर्ट यांच्याशी झाला होता.

फॅनी भारत सोडून गेल्यानंतर अकरा वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर टांग मारून जगप्रवासाला निघाले. इराण, इराकचे वाळवंट, इटली, इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन अशी प्रदक्षिणा करून त्यांपैकी हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये घरी परतले. अंतर सुमारे ४४,००० मैल. परतंत्र देशाचे हे तरुण साहेबाच्या देशात सायकलीने गेले, तेव्हा त्यांच्या दिमतीला हमालांचे तांडे नव्हते. फॅनीच्या स्पेनमधील वाटेशी नाते आहे ते या तिघांचे.

फॅनीचे मोठेपण मान्य करताना मला तिची दोन चित्रे वेगळी ठेवावीशी वाटतात. सियाचेनवरचे चित्र अधिक प्रसिद्ध आहे आणि त्यातील मागणी न्याय्य होती. पण स्पेनच्या धुळीत, रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच्या हातांनी पंक्चर काढणारी आणि पुन्हा चढाला लागणारी फॅनी मला अधिक जवळची वाटते. तेथे तिचे स्वातंत्र्य कोणाच्या पाठीवर उभे नव्हते. आपणही उद्या पदव्या घेऊन बाहेर पडू, आपापली शिखरे शोधू. ती गाठताना आपले ओझे कोणाच्या पाठीवर आहे हे मागे वळून पाहण्याचे भान राहिले, तर या बाईच्या पराक्रमाबरोबर तिच्या चुकीपासूनही आपण काही शिकलो असे होईल.

आणि तोवर, सेमिनरी हिल्सच्या चढावर एकदा तरी खाली न उतरता सायकल चालवून पाहायला काय हरकत आहे?